भुंगा कोणी जाळला?

मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगायची तर आधी आपण कोण हे ठाऊक असावं लागतं, आणि माझं घोडं तिथेच पेंड खातं. मी अंजूर गावातला चार पंख्यांचा एक जुना ड्रोन आहे, एवढं मला खात्रीनं सांगता येतं. पण माझा एक हात मूळचा नाही, पोटातली एक पाटी नवी आहे, आणि पंखे तर इतक्यांदा बदलले की पहिले कोणत्या रंगाचे होते तेही आठवत नाही. मग जो जळला तो मी, की आज तुमच्याशी बोलतोय तो मी? हा प्रश्न मला दुरुस्त करणाऱ्या टेमघरच्या धम्मदिनाताईंना विचारावा असं फार वाटलं होतं. पण मला बोलता येत नाही, फक्त बॅटरी लावली की पीं पीं वाजता येतं.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. केसरीनाथांच्या घरच्या ओटीवर, जेवायच्या पाटावर झाला. मला घडवलं त्यांच्या मुलानं, भाविकनं. तो तेव्हा आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. माझे एकेक अवयव कुरियरनं यायचे आणि त्यातही एक गंमत होती. माल असायचा मानकोलीच्या गोदामात, आमच्या गच्चीवरून ज्याचे पत्रे दिसतात तिथे. पण पार्सल तिथून निघून कुठल्या कुठे फिरून पाच दिवसांनी दाराशी यायचं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं भाविकची आई हौसाबाई म्हणायची.

माझा सांगाडा काळ्या कार्बनचा. चार हात, प्रत्येक हाताच्या टोकाला आवळ्याएवढी एक मोटर, आणि ती मोटर हातावर धरून ठेवायला खालून चार बारीक स्क्रू. पुढे एक छोटा कॅमेरा. पोटात दोन पाट्या, म्हणजे सर्किट बोर्ड, एकावर एक. वरची माझा तोल सांभाळते. खालची पाटी म्हणजे घरातल्या वाढणाऱ्या बाईसारखी, बॅटरीकडून वीज घ्यायची आणि चारही मोटरींना ज्याला जेवढी हवी तेवढी वाढायची. ही खालची पाटी नीट लक्षात ठेवा, कारण पुढे जळली ती हीच.

पहिल्यांदा उडालो तेव्हा मी असा काही गुणगुणलो की हौसाबाई म्हणाली, "मेला भुंगाच हाय." तेव्हापासून मी घरात भुंगा झालो. एका ड्रोनला भुंगा म्हणावं याचा मला आधी राग आला होता. मग सवय झाली.

तुम्हाला वाटेल, सुखाचे दिवस होते. होतेही. पण मला माणसांचं कधी नीट उमगलं नाही. आमच्या गावच्या शेतांवर गोदामं उभी राहत होती. केसरीनाथांची रस्त्याकडची जमीनही त्यात गेली. उरला तो खाडीकाठचा खारीचा तुकडा, मातीच्या बांधानं खाडीचं पाणी अडवून केलेलं भातशेत. केसरीनाथांचं म्हणणं असं की भाविकनं गोदामात सुपरवायझरच्या खुर्चीवर बसावं, घरापासून दहा मिनिटांवर. आणि भाविकला नाशिककडे काम मिळालं. काय काम, तर द्राक्षाच्या बागांवर मोठाले ड्रोन उडवून औषध फवारायचं.

त्या दिवशी मी पाटावरच होतो, दोघांच्या मधोमध.

"बापाची शेती सोरून लोकांच्या द्राक्षांना औषध मारनार तू?" केसरीनाथ म्हणाले.

"शेती तुम्ही ठेवलीत कुठे, बाबा?" भाविक म्हणाला.

बस, एवढंच. कोणी आवाज चढवला नाही. पण त्या दोन वाक्यांनंतर बाप-लेक एकमेकांशी बोलायचे बंद झाले. भाविकनं बॅग भरली, मला कपाटावर ठेवलं आणि तो गेला. माझा तर गोंधळच उडाला. दोघेही शेतीवरच बोलत होते, दोघांनाही ती हवी होती, मग भांडण कशाचं झालं? हे कोडं मला आजही पुरतं सुटलेलं नाही.

सहा महिने कपाटावर धूळ खात पडलो. मग एका दुपारी केसरीनाथांनी मला खाली काढलं. हौसाबाई शेजारी गेली होती, तेवढ्यात त्यांनी ही संधी साधली. भाविक उडवायचा तेव्हा ते ओटीवर पाठ करून बसायचे. मी समजायचो यांना माझं कौतुक नाही. पण हा गृहस्थ चोरून सगळं बघत होता. बॅटरी कशी लावायची, रिमोटवरची कोणती काडी पुढे ढकलायची, सगळं त्यांना पाठ होतं. फक्त उतरवायचं कसं एवढं पाठ नव्हतं. मी थेट शेवग्याच्या झाडावर जाऊन आदळलो आणि माझा तिसरा हात मोडला.

नाचता येईना अंगण वाकडं, तसं त्यांनी हौसाबाईला सांगितलं, "शेवगाच आरवा आला." हौसाबाईनं तो शेवगा पंचवीस वर्षांपूर्वी स्वतः लावलेला, त्यामुळे तिनं ते मान्य केलं नाही. पण मला फडक्यात गुंडाळून परत कपाटावर ठेवलं.

गणपतीला भाविक दोन दिवस घरी आला. बापाशी बोलायचं नाही हे ठरलेलंच होतं. जे सांगायचं ते आईमार्फत. एकाच ओटीवर बसून बाप म्हणे, "हौसा, त्याला विचार, चहा घेतो का." आणि मुलगा म्हणे, "आये, सांग, घेतो." दुसऱ्या दिवशी त्यानं मला फडक्यातून सोडवलं, मोडका हात पाहिला आणि कोणालाही काहीही न विचारता कामाला बसला. केसरीनाथ समोरच आरतीची झांज पुसत होते.

भाविकनं नवा हात बसवला, त्यावर तिसरी मोटर ठेवली आणि खालून स्क्रू पिळायला घेतले. तीन चकचकीत, आखूड स्क्रू बसले. चौथा सापडेना. सतरंजी झटकून झाली, मोदकाची ताटं उचलून पाहिली. शेवटी हौसाबाईनं बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा आणून दिला. त्यात सटरफटर खिळे-स्क्रू असतात. त्यातला एक काळा स्क्रू भाविकनं लावला. मग त्यानं मान वर करून बापाकडे पाहिलं. काहीतरी सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि मिटलं. केसरीनाथांनी झांज जोरजोरात पुसायला घेतली.

संध्याकाळी निघताना त्यानं आईला सांगितलं, "आये, बाबांना सांग, रविवारी खारीवरून भुंग्याची एक चक्कर मारा आणि व्हिडिओ मला पाठवा. त्याला कसं उतरवायचं आणि व्हिडिओ कसा पाठवायचा ते मी तुझ्या मोबाइलवर दाखवून ठेवलंय." केसरीनाथ तीन हातांवर उभे होते. तरी हे हौसाबाईनं त्यांना पुन्हा सांगितलं आणि त्यांनी मान हलवली.

मित्रांनो, तेव्हापासून माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस सुरू झाले. दर रविवारी सकाळी केसरीनाथ मला पिशवीत घालून खारीवर न्यायचे. मी बांधावरून, भातावरून, खाडीच्या कडेनं एक फेरी मारायचो. घरी आल्यावर हौसाबाई व्हिडिओ पाठवायची. थोड्या वेळानं भाविककडून अंगठा यायचा. फक्त अंगठा, पण तो आल्याशिवाय केसरीनाथ जेवायला बसत नसत.

एका रविवारी अंगठ्याच्या खाली दोन ओळी आल्या. 'उंबराजवळ बांध बघा. खेकड्यांनी भोक पाडलंय.' केसरीनाथ तसेच उठले, फावडं घेऊन गेले आणि भोक बुजवून आले. खाडीचं पाणी आत शिरलं असतं तर अख्खं भात गेलं असतं. जेवताना ते म्हणाले, "एवढ्या लांबून दिसला त्याला." मग हात धुऊन मोबाइल मागून घेतला आणि त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या. त्या क्षणी मला कळलं की मी नुसता भुंगा नाही. दोन माणसांमधली बोलायची उरलेली एकच वाट माझ्या अंगावरून जाते.

आता जळण्याची गोष्ट. इथून पुढे माझ्या डोक्यात जो घोळ झाला तो निस्तरायला मला फार वेळ लागला, तेव्हा तुम्हीही जरा सांभाळून घ्या.

दसऱ्याच्या चार दिवस आधी केसरीनाथ एकटेच मला खारीवर घेऊन गेले. बुजवलेलं भोक जवळून बघायचं होतं. त्यांनी मला इतकं खाली आणलं की माझा पंखा भाताच्या पात्यात अडकला आणि मी शेतातल्या पाण्यात कलंडलो. पाणी जरा खारटच. त्यांनी मला टॉवेलनं पुसलं, पत्र्यावर उन्हात वाळवलं आणि घरी कोणाला चकार शब्द सांगितला नाही.

मग दसरा आला. आमच्याकडे त्या दिवशी कोयता, विळा, फावडं, सगळ्या हत्यारांची पूजा होते. हौसाबाईनं विळ्याच्या शेजारी मलाही मांडलं. ओल्या कुंकवाचं बोट लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, अक्षता टाकल्या. नारळ फोडला तेव्हा सगळ्या हत्यारांवर नारळाचं पाणी शिंपडलं. माझ्यावर जरा जास्तच पडलं, कारण मी लाडका. ते पाणी माझ्या पोटात झिरपलं. मला गोड लागलं की नाही ते सांगता येत नाही, पण मान मिळाला म्हणून मी सुखावलो.

आणि या सगळ्याच्या आधीपासून, गणपतीनंतर केव्हातरी, माझ्या तिसऱ्या मोटरीत उडताना काहीतरी टोचायचं. नव्या हाताची सवय नसेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी केसरीनाथांनी अंगणात मला बॅटरी लावली. मी पीं पीं वाजलो. पंखे फिरले. तिसरा पंखा थरथरला, अडखळला, आणि माझ्या पोटातून धूर निघाला. करपलेल्या भातासारखा वास सुटला. केसरीनाथांनी झडप घालून बॅटरी उपटली, त्यात त्यांची दोन बोटं भाजली. हौसाबाई दारात उभी होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही लगेच नजर फिरवली. मला वाटलं, दोघांनाही माझा राग आलाय.

त्यानंतर केसरीनाथांनी जे केलं ते मला अजिबात कळलं नाही. त्यांनी मोबाइलमधला जुना व्हिडिओ शोधला आणि आजचा म्हणून भाविकला धाडला. अंगठा आला. ते जेवले, पण ताटात निम्मं ठेवून उठले.

पुढच्या रविवारी पुन्हा जुनाच व्हिडिओ गेला. या वेळी अंगठा आला नाही. ओळ आली. 'भात अजून हिरवंच कसं? लोंब्या कुठे आहेत?'

केसरीनाथ ओटीवर बसून राहिले. "आता पोरगा बोलल, बाप खोटारडा हाय," ते भिंतीकडे बघून म्हणाले. एवढी वाट कशीबशी उघडी होती, तीही आता बुजणार होती. सोमवारी सकाळी त्यांनी मला पिशवीत घातलं आणि रिक्षानं टेमघर गाठलं.

धम्मदिनाताईंचं दुकान टेमघरला एका गाळ्यात आहे. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे कारखाने, दिवसभर खडखडाट. त्यांचे वडील लूमवर फिटर होते. नव्या लूमना आत इलेक्ट्रॉनिक कार्डं असतात, ती बिघडली की ताई दुरुस्त करतात. भिवंडीभरचे कारागीर त्यांच्याकडे रांग लावतात. आम्ही शिरलो तेव्हाही एक जण काउंटरवर टेकून विचारत होता, "मॅडम, अपना कार्ड हो गया क्या? शिफ्ट रुकेली है." ताईंनी त्याला कार्ड दिलं, मग टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"काका, मी लूमचं काम करते. हे उडणारं पहिल्यांदाच आलंय माझ्याकडे."

"वीज ती वीजच ना, पोरी?"

"ते पण खरंय," ताई हसल्या. "बसा. बघते. पण गॅरंटी नाही देत."

त्यांनी माझं पोट उघडलं. मीटरच्या दोन सुया खालच्या पाटीला लावल्या, एक प्लसवर आणि एक मायनसवर. मीटर एकसारखं वाजू लागलं. माझ्याशिवाय आणखी कोणी पीं करतंय हे ऐकून मला बरं वाटलं होतं, पण ताईंचा चेहरा उतरला. "जिथे वाजायला नको तिथे वाजतंय," त्या म्हणाल्या. "आत प्लस-मायनस चिकटलेत. पाटी गेली काका, नवी लागेल. पण गेली कशामुळे ते कळलं पाहिजे. नाहीतर नवी पण जाईल."

केसरीनाथांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. मग टेबलावर वाकून हळूच म्हणाले, "पोरी, माज्यामुलंच जलला. खारीत पान्यात परलेला. घरी कोनाला न्हाय सांगितला मी. तू पन सांगू नको."

ताईंनी मान डोलावली. म्हणजे केसरीनाथांनी मला जाळलं तर. मी मनाशी नोंद केली.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आली. सुक्या बोंबलांची पुडी घेऊन आली होती, निमित्त म्हणून. पुडी ठेवली, पदरानं घाम पुसला, इकडचं तिकडचं बोलून झालं. ताकाला जाऊन भांडं लपवायची तिला सवय नाही, त्यामुळे दोन मिनिटांतच ती मुद्द्यावर आली.

"धम्मदिना, भुंग्याला मीच मारला बाय. दसऱ्याला नारलाचा पानी घातला त्याच्यावर. भाविकच्या बाबूसला कलला तं त्यांचा जीव जाईल. वरिसभरानं पोराचं तोंड गोड झालता. मी पूजा करायला गेलू नि बाप-लेकाचा बोलना मोरून ठेवला."

तिलाही ताईंनी कोणाला न सांगायचं कबूल केलं. आता मला हौसाबाईनं जाळलं होतं. कालची नोंद पुसू की ठेवू, हे मला कळेना.

ती गेल्यावर ताईंनी जुन्या दातांच्या ब्रशनं आणि स्पिरिटनं पाटी धुतली आणि भिंगाखाली धरली. आता पुरावा मिळेल म्हणून मीही जीव मुठीत धरून बसलो. आणि मिळाला काय? पाटीच्या एका कोपऱ्यात मिठाचे पांढरे डाग, आणि त्याच कोपऱ्यात कुंकवाची लाल रेघ. शेजारी एक अक्षताही चिकटली होती. जळलेली काळी खूणही तिथेच, तिसऱ्या मोटरीला वीज देणाऱ्या जागी. ताई कितीतरी वेळ बघत राहिल्या. "दोघंही खरं बोलतायत," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "पण मन मानत नाही."

नवी पाटी मागवली. ती मानकोलीहूनच निघाली आणि नेहमीप्रमाणे फिरून फिरून शनिवारी आली. त्या दिवशी ताईंनी केसरीनाथांना फोन केला. ते आले, आणि त्यांच्या मागोमाग हौसाबाईही, "मना पन बघायचंय" म्हणत. दोघे बाकावर शेजारी बसले आणि दोघेही ताईंकडे केविलवाण्या नजरेनं बघत होते की बाई, तू बोलू नको.

ताईंनी नवी पाटी बसवली, तारा जोडल्या. पण बॅटरी सरळ लावली नाही. त्यांच्या वडिलांची एक पद्धत होती, ती त्यांनी चालू ठेवली आहे. रिक्षाच्या हेडलाइटचा एक बल्ब वाटेत जोडायचा, आणि वीज त्या बल्बातून जाऊ द्यायची. आत सगळं ठीक असेल तर बल्ब एकदा लुकलुकतो आणि विझतो. आत कुठे चिकटलेलं असेल तर बल्ब लख्ख पेटतो, कारण सगळी वीज तोच खातो आणि पाटी वाचते. दिवा विझला तर चांगलं आणि लागला तर वाईट, हे पचवताना माझी त्रेधा उडाली. हौसाबाईचीही तीच गत झाली असावी, कारण बल्ब लुकलुकून विझला तेव्हा ती "गेला गं बाय" म्हणाली.

"नाही काकी, बरोबर आहे. पाटी चांगली आहे. आता एकेक मोटर जोडते."

पहिली मोटर जोडली. बल्ब लुकलुकला, विझला. दुसरी, तसंच. तिसरी जोडली आणि बल्ब असा पेटला की गाळ्यातली भिंत उजळली. ताईंनी झटकन बॅटरी ओढली.

"नवी पण गेली?" केसरीनाथ अर्धवट उठले.

"नाही, बल्बनं वाचवली." ताईंच्या आवाजात आता वेगळंच बळ आलं होतं. "पाटीचा दोषच नव्हता. मारणारा इथे बसलाय, तिसऱ्या मोटरीत."

त्यांनी मोटर सोडवली. तीन चकचकीत आखूड स्क्रू निघाले. चौथा काळा निघाला, तांदळाच्या दाण्याएवढा जास्त लांब. त्याचं टोक तांब्यानं माखलं होतं. ताईंनी तो भिंगाखाली धरून दोघांना दाखवला. "हा खालून आत घुसला आणि मोटरीतल्या तारेला टेकला. तुम्ही उडवत गेलात तसा थरथरून तारेवरचा लेप घासत राहिला. लेप गेला, तार उघडी पडली, आणि पाटी जळली. पाणी, मीठ, काही असो, त्यानं नाही जळलं हे." हे म्हणताना त्यांनी आधी केसरीनाथांकडे पाहिलं, मग हौसाबाईकडे. "जळलं ते या स्क्रूमुळेच. एक मोटर घरी पडलीय का जादाची?"

"हाय. भाविकनं ठेवलेली," हौसाबाई म्हणाली.

"मग उद्या सकाळी आणा, बसवून देते. पण हा स्क्रू लावला कोणी?"

मित्रांनो, मला माहीत होतं. केसरीनाथांनाही माहीत होतं. झांज पुसता पुसता त्यांनी तो काळा स्क्रू जाताना पाहिला होता. मी वाट बघत होतो की आता ते सांगतील. इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन फिरणाऱ्या माणसानं तो उतरवून ठेवायची याहून चांगली वेळ कोणती? पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"मीच लावला," केसरीनाथ म्हणाले.

"डबा मीच दिलता," हौसाबाई लगोलग म्हणाली.

ताईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "कमाल आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे लूमवाले येतात ते सांगतात, मी हात पण नाही लावला मॅडम, दुसऱ्या शिफ्टवाल्यानं बिघडवलं. तुमच्या घरात गुन्हेगारच जास्त आहेत."

मी तर पुरता चक्रावलो. चार कबुल्या झाल्या होत्या आणि स्क्रू लावणाऱ्याची त्यात एकही नव्हती.

रविवारी ताईंनी दुसरी मोटर बसवली. ती तीन स्क्रूंवर. चौथा आखूड स्क्रू त्यांच्याकडे नव्हता. "तीनवर चालेल सध्या, पण चौथा आठवणीनं लावा," असं त्यांनी बजावलं. काळा स्क्रू केसरीनाथांनी मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

टेमघरहून आम्ही तडक खारीवर गेलो, हौसाबाईसुद्धा. केसरीनाथांनी भाजलेली बोटं सांभाळत बॅटरी लावली. मी पीं पीं वाजलो, चारही पंखे फिरले, धूर आला नाही. मी वर गेलो. खाली भात पिवळं झालं होतं, लोंब्या वाकल्या होत्या. बांध शाबूत होता. मी उतरल्यावर हौसाबाईनं मोबाइल काढला आणि व्हिडिओ पाठवायला घेतला. केसरीनाथांनी तो तिच्या हातातून घेतला आणि थेट फोन लावला.

वर्षाहून जास्त काळानंतर बाप थेट आपल्याशी बोलतोय हे ऐकल्यावर पलीकडे भाविक काय करत होता, ते मला दिसलं नाही. मोबाइल मोठ्या आवाजावर होता, म्हणून फक्त ऐकलं.

"भाविक, मी बोलतंय. तुना दोन रविवार जुनाच व्हिडिओ धारला मी. भुंगा जललेला. मी पान्यात पारलेला त्याला, सांगितला न्हाय."

हौसाबाईनं केसरीनाथांचा दंड घट्ट धरला होता.

"बाबा," भाविक म्हणाला, "तिसऱ्या मोटरीचा काळा स्क्रू बघा. तो लांब आहे. गणपतीत आखूड सापडला नाही म्हणून मी तो लावला होता. दोन दिवसांत बदला, हे तुम्हाला तिथेच सांगणार होतो. पण आपलं बोलणं नव्हतं ना."

केसरीनाथांनी खिशातून तो स्क्रू काढला आणि तळहातावर ठेवून बघत राहिले. एक वाक्य. फक्त एवढं एक वाक्य ओटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं असतं, तर मी जळलो नसतो.

"काढला तो," ते शेवटी म्हणाले. "तिथं भोक मोकला हाय. पुढल्या रविवारी कापनी हाय. तू ये नि आखूड लाव."

"मी आणतो," भाविक म्हणाला. "आणि बाबा, भात झाक दिसत असंल ना आता?"

"ये नि बघ ना," केसरीनाथ म्हणाले, आणि डोळे पुसायला त्यांनी माझं फडकं घेतलं.

तर मित्रांनो, ही माझी कहाणी. मला कोणी जाळलं, हे आता तुम्हीच ठरवा. स्क्रूनं, की त्या ओटीवरच्या अबोल्यानं? मला अजूनही नीट सांगता येत नाही. तुमच्या घरात एखादं यंत्र बिघडलं तर कोणी बिघडवलं हे विचारायच्या आधी कुठे बिघडलं ते बघा. नवा भाग सरळ जोडू नका, आधी मध्ये एक बल्ब लावा. आणि कुठे एखादा लांब स्क्रू लावून ठेवला असेल तर रुसवा-फुगवा बाजूला ठेवून तेवढं सांगून टाका.

आज शनिवार आहे. मी कपाटावर नाही, ओटीवर पाटावर आहे. माझ्या तिसऱ्या हाताचं चौथं भोक अजून मोकळं आहे. हौसाबाईनं बोंबील भिजत घातलेत, आणि केसरीनाथ आज तिसऱ्यांदा रस्त्यापर्यंत जाऊन आले.